‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ : कुठली आवृत्ती बघायची, आणि अकाबाचा हल्ला खरंच तसा झाला का?

वाळूघड्याळ
पहिल्या महायुद्धात तुर्कांविरुद्धच्या अरब उठावात उतरलेल्या टी. ई. लॉरेन्स या ब्रिटिश अधिकाऱ्यावरचा डेव्हिड लीनचा ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ (१९६२) एकदा सलग, नीट बघायचा आहे. आधी काही शंका.

१. कालावधी जागोजागी वेगळा दिसतो : १८७, २१६, २१८, २२२, २२७ मिनिटं. यातली पूर्ण आवृत्ती कोणती?
२. सुरुवातीला चार मिनिटं पडदा काळा आणि नुसतं संगीत. प्रत बिघडलेली आहे का?
३. रात्रीचे प्रसंग भर दुपारचे वाटतात. हा टीव्हीच्या सेटिंगचा दोष की सिनेमाचाच?
४. अकाबा या तुर्कांच्या ताब्यातल्या बंदराच्या तोफा समुद्राकडे रोखलेल्या, म्हणून वाळवंट ओलांडून मागून हल्ला. यात इतिहास किती? कासिमला वाळवंटातून परत आणून पुढे त्यालाच गोळी घालावी लागते, ते घडलं होतं का?

कथा माहीत आहे, त्यामुळे रसभंगाची काळजी न करता लिहा.

रीळ_नंबर_सात
पहिल्या तीन प्रश्नांपुरतं लिहितो. इतिहास इथले बाकीचे जाणकार बघतील.

१० डिसेंबर १९६२ ला लंडनच्या ओडियन, लेस्टर स्क्वेअरमध्ये पहिला खेळ झाला तेव्हा सिनेमा २२२ मिनिटांचा होता. नंतर लवकरच त्यातली सुमारे २० मिनिटं कापली गेली. १९७० च्या सुमारास पुन्हा प्रदर्शित करताना आणखी कात्री लागली आणि १८७ मिनिटांची आवृत्ती उरली. जुन्या टीव्ही प्रक्षेपणांतली हीच. ती बघून ‘मधेच काहीतरी तुटतंय’ असं वाटलं तर ते बरोबरच आहे, खरोखरच तुटलेलं आहे.

१९८९ मध्ये रॉबर्ट हॅरिस आणि जिम पेंटन यांनी कापलेले तुकडे शोधून जोडले. अडचण अशी की काही तुकड्यांचं चित्र मिळालं, आवाज मिळेना. मग पीटर ओ’टूल, अ‍ॅलेक गिनेस, अँथनी क्विन यांच्याकडून पाव शतकानंतर तेच संवाद पुन्हा वदवून घेतले. वयाने आवाज जड झालेले, ते यंत्रावर तरुण करून घेतले. ब्रिटिश सेनापती अ‍ॅलनबी झालेले जॅक हॉकिन्स १९७३ लाच गेले होते, त्यांच्या जागी चार्ल्स ग्रेचा आवाज आहे. सगळं जुळल्यावर लीनने स्वतः पुन्हा थोडी छाटणी केली आणि २१६ मिनिटांची आवृत्ती कायम झाली. तुम्हाला हीच हवी.

२२७ म्हणजे हीच २१६, अधिक सुरुवातीचं वादन, मध्यंतरानंतरचं वादन आणि शेवटचं निरोपाचं वादन. २१८ ही आणखी एक गंमत : युरोपातल्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटी धावतात, म्हणजे सगळं चार टक्के जास्त वेगाने संपतं. २२७ ला २५ ने भागून २४ ने गुणा, २१८ येतात. काही कापलेलं नसतं, आवाजाची पट्टी मात्र किंचित चढलेली असते.

काळा पडदा हा बिघाड नव्हे. थिएटरमध्ये लोक खुर्च्या शोधत असताना मॉरिस जारचं हे संगीत वाजायचं. पुढे ढकलू नका. वाळवंटाची मुख्य धून कानात बसलेली असली की पहिल्या सूर्योदयाला ती ओळखीची होऊन येते.

रात्रीचे बरेच प्रसंग दिवसाच चित्रित केलेले आहेत : भिंगावर फिल्टर, एक्स्पोजर कमी, झाली रात्र. खुणा लपत नाहीत, सावल्या धारदार असतात आणि वाळू चमकते. सिनेमाने हे गडद ठेवलेलं असतं, पण टीव्ही ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’वर असला की तो गडद भाग उजळून टाकतो आणि लीनची रात्र तिथेच उजाडते. त्यामुळे :

– पिक्चर मोड ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’.
– हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद. उंटांच्या रांगा नाहीतर मालिकेतल्यासारख्या सरकतात.
– नॉइज रिडक्शन बंद. का, ते खाली सांगतो.
– झूम अजिबात नाही. चित्राचं प्रमाण २.२० : १ आहे, त्यामुळे वरखाली काळ्या पट्ट्या येणारच. उंचीचा साधारण पाचवा भाग त्यात जातो. त्या घालवायला झूम केलंत तर तेवढाच भाग दोन्ही कडांचा जातो, आणि या सिनेमात माणसं बऱ्याचदा कडेलाच उभी असतात. जुन्या चौकोनी टीव्हीच्या प्रतींत तर ४० टक्के चित्र गायब असायचं.

आता नॉइज रिडक्शन. विहिरीपाशी क्षितिजावरून शरीफ अली येतो, तो प्रसंग जॉर्डनमधल्या जफरच्या सपाट मैदानावर, ४८२ मिलिमीटरच्या भिंगातून फ्रेडी यंगने टिपला. सुरुवातीला मृगजळात फक्त एक थरथरता ठिपका असतो. टीव्हीला तो ठिपका म्हणजे मळ वाटतो आणि तो पुसून टाकतो. स्ट्रीमिंगवर डेटा कमी मिळाला तरी तेच, आकाश आणि जमीन एकाच करड्या लगद्यात मिसळतात. डिस्कवर बघा. ६५ मिलिमीटरच्या निगेटिव्हवर टिपलेला हा सिनेमा २०१२ मध्ये ८के ला स्कॅन करून ४के मध्ये दुरुस्त केला आहे. वाळवंटातल्या उष्णतेने निगेटिव्हच्या थराला बारीक भेगा पडल्या होत्या, त्या त्या वेळी भरून काढल्या.

सांडणीस्वार
चौथा प्रश्न. एका ओळीत : अकाबा मागून पडलं हे खरं, अकाबावर तसा हल्ला झाला हे खोटं. लढाई झाली ती अलीकडे चार दिवस, डोंगरात.

क्रम असा. ९ मे १९१७ ला लाल समुद्राकाठच्या वेज्हहून पन्नासाच्या आत माणसं निघाली. प्रमुख शरीफ नासिर. तो सिनेमात नाहीच, त्याचं काम शरीफ अलीला दिलं आहे. हुवैतात टोळीचा सरदार औदा अबू ताई वाटेत भेटत नाही, तो वेज्हपासूनच बरोबर आहे. मोहिमेमागे त्याचाही विचार होता, नुसता लॉरेन्सचा नव्हे.

शिधा : माणशी अर्धं पोतं पीठ, ४५ पौंड, म्हणजे जेमतेम वीस किलो. हे सहा आठवडे पुरवायचं, दिवसाला अर्ध्या किलोच्या आतबाहेर. ते ज्याच्या त्याच्या सांडणीवर. स्वारीला मुख्यतः माद्याच वापरत, म्हणून मुद्दाम सांडणी म्हणतोय. पाण्याचा हिशेब पिठाहून कडक. कडक उन्हात उंट एका पिण्यावर साधारण २५० मैल म्हणजे ४०० किलोमीटर जातो, तीन दिवसांची जोरदार मजल. त्यामुळे नकाशावर बघायच्या त्या विहिरी. दोन विहिरींतलं अंतर तीन दिवसांच्या वर गेलं की तो रस्ता रस्ताच नाही.

तुर्कांनाही हे कळत होतं. त्यांनी बायिरच्या विहिरी सुरुंग लावून उडवल्या होत्या, जफरच्याही. जफरला एका विहिरीत वरच्या बांधकामाचे दगड आत कोसळून बूच बसलं होतं. ते खणून काढल्यावर खाली पाणी शाबूत निघालं. ते निघालं नसतं तर अकाबा नव्हतंच. पण दगड उपसणारी माणसं कॅमेऱ्यात भव्य दिसत नाहीत, त्यामुळे हे सिनेमात शोधू नका.

वादी (कोरडी दरी) सिरहानमध्ये हुवैतात टोळीची माणसं गोळा करत संख्या पाचशेच्या पुढे गेली. २ जुलैला अबा अल-लिसानच्या खोऱ्यात तुर्कांची एक पलटण मुक्कामाला होती. दिवसभर भोवतालच्या टेकड्यांवरून गोळीबार चालला, बंदुका हाताला चटके देऊ लागल्या. संध्याकाळच्या सुमारास औदा पन्नास घोडेस्वार घेऊन उतारावरून सुटला आणि बाजूने सुमारे चारशे सांडण्या. तुमच्या डोक्यात बसलेला तो लोंढा इथला आहे, अकाबाचा नाही. तुर्कांचे तीनशेच्या आसपास मेले, १६० पकडले गेले, अरबांचे दोन गेले. आणि लॉरेन्स? त्याने धावत्या गोंधळात पिस्तुलाची गोळी आपल्याच सांडणीच्या डोक्यात घातली, उडून पडला आणि लढाई संपेपर्यंत तिच्या आडोशाला राहिला. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. सिनेमाने गाळलं.

पुढची ठाणी एकेक करून पडली किंवा शरण आली. एक ठाणं चंद्रग्रहणाच्या रात्री घेतलं. अकाबातले सुमारे तीनशे सैनिक वाटाघाटीने शरण आले आणि ६ जुलैला ही मंडळी वाळूच्या वादळात गावात शिरली.

तोफांबद्दल : मुद्दा खरा, चित्र ढोबळ. ब्रिटिश नौदल अकाबावर समुद्रातून मारा करत आलं होतं, म्हणून तुर्कांची भीती समुद्राकडून होती. मागची वादी इत्म ही अरुंद खिंडही त्यांनी बांधून काढली होती, पण समुद्रातून उतरून आत घुसणाऱ्या शत्रूसाठी. जमिनीकडून येणाऱ्याला ती ठाणी पाठमोरीच मिळाली. लीनने हा सगळा युक्तिवाद एका शॉटमध्ये बसवला : कॅमेरा धावत्या लोंढ्याबरोबर गावावरून फिरतो आणि समुद्राकडे तोंड करून असलेल्या तोफेवर थांबतो. इतिहास म्हणून सोपा केलेला, पण इतक्या कमी वेळात इतकं स्पष्ट समजावणं कुणाला जमलेलं नाही. (ते अकाबा स्पेनमध्ये, कार्बोनेरासजवळच्या किनाऱ्यावर उभारलं होतं.)

त्यानंतर सिनाई ओलांडून सुएझ. सिनेमात ती लॉरेन्सची जिद्द दिसते. खरं कारण पोट. अकाबात खायला काही नव्हतं, त्यात कैद्यांची भर, उंट कापून खायची वेळ आली होती. दीडशे मैल ४९ तासांत काटून तो सुएझला पोचला, आणि धान्य घेऊन अकाबाला गेलेलं जहाज होतं ‘डफरिन’. नाव ओळखीचं वाटत असेल तर बरोबर, पुढे १९२७ पासून मुंबईच्या बंदरात नौकानयनाचं शिक्षण देणारी तीच डफरिन.

वाळूघड्याळ
डफरिनचं अनपेक्षित होतं! पण कासिम राहिला. आणि ते नफूद वाळवंट ओलांडणं?

सांडणीस्वार
नफूद ओलांडलंच नाही, कडेने गेले. लॉरेन्सला आत शिरून बघायचं होतं. औदाने उडवून लावलं : गरज पडल्यावाचून नफूदमध्ये कुणी जात नाही, आणि खरजेल्या, लटपटत्या सांडणीवर तर नाहीच. ही खरूज थट्टेची गोष्ट नव्हती. वेज्हकडच्या जनावरांना ती लागलीच होती आणि वाटेत औषध नाही.

कासिम खराच मागे राहिला आणि लॉरेन्स खराच परत फिरून त्याला घेऊन आला, पण नफूदमध्ये नव्हे, अल-हौल नावाच्या उजाड पट्ट्यात, मे १९१७ मध्ये. माणूस चिडखोर होता, कुणाचा लाडका नव्हता. त्याला गोळी मात्र घातली नाही. गोळी घातली ती हामेद नावाच्या मोरोक्कन माणसाला, दोन महिने आधी, मार्चमध्ये, वेगळ्याच प्रवासात. त्याने अगेल, म्हणजे बरोबरच्या भाडोत्री उंटस्वारांपैकी एकाला मारलं होतं. अगेलांनी सूड घेतला असता तर बरोबरच्या मोरोक्कनांशी वैर पेटलं असतं, म्हणून ज्याला नातंगोतं नाही अशा परक्याने शिक्षा द्यायची.

दोन माणसं एक केल्यामुळे ‘वाचवला तोच मारला’ हा पेच तयार झाला. नाटक म्हणून उत्तम. पण त्यातून लॉरेन्सला रक्ताची चटक लागल्याचा जो धागा पुढे ओढला आहे, तो पटकथेचा आहे. कासिमच्या भूमिकेत आपले आय. एस. जोहर आहेत, हे माहीत नसेल तर आता लक्ष ठेवा.

तारायंत्र
उपप्रश्न. तुर्कांची रेल्वे उडवणं एवढं सोपं होतं तर मदिनेचा मार्ग एकदाचा तोडून शहर का घेतलं नाही? सिनेमात याचं उत्तर सापडत नाही.

बखरवाचक
कारण मदिना न घेण्यातच फायदा होता. दमास्कस ते मदिना सुमारे १३०० किलोमीटर, अरुंद रुळांची एकेरी लाइन. मदिनेतली तुर्की फौज जागेवर राहिली तर तिला खायला घालायला आणि एवढी लाइन राखायला हजारो माणसं अडकून पडतात. ती फौज पॅलेस्टाइनमध्ये येऊन अ‍ॅलनबीसमोर उभी राहिली तर पंचाईत. म्हणून लाइन रखडत, रडतखडत चालू ठेवायची, पण मरू द्यायची नाही. मदिनेचा सेनापती फख्री पाशा महायुद्ध संपल्यावरही अडून होता, जानेवारी १९१९ ला ती फौज शरण आली.

रूळ नुसते तोडले तर दुरुस्ती-गाडी येऊन काही तासांत नवे बसवत असे. म्हणून पुढे पोलादी स्लीपरच्या (रुळांखालच्या आडव्या पट्टीच्या) मधोमध खालून स्फोट करायची पद्धत आली : स्लीपर मधे उचलला जातो, दोन्ही रूळ आत ओढले जाऊन पिळवटतात, शिवाय खाली भरावात खड्डा. असा रूळ सरळ होत नाही, पूर्ण तुकडा बदलावा लागतो. या आकाराला ते लोक ट्यूलिप म्हणत. सिनेमात एकच भव्य गाडी उलटते आणि लूट होते. खऱ्या लढाईत असं कंटाळवाणं, रात्री गुडघ्यावर बसून केलेलं काम जास्त होतं. नोव्हेंबर १९१७ मध्ये यारमूकच्या पुलावरची मोहीम फसली, तीत भारतीय मशीनगनवालेही होते. तीही गाळली आहे.

मूळ प्रश्नाला धरून माझ्या मते जास्त गंभीर असे दोन बदल सांगतो. अकाबावर लोक फार बोलतात, यांवर कमी.

पहिला, सायक्स-पिको करार, म्हणजे तुर्कांचा अरब मुलूख ब्रिटन आणि फ्रान्सने आपसांत वाटून घेण्याचा गुप्त करार. सिनेमात लॉरेन्सला तो उशिरा कळतो आणि तो कोसळतो. खरं म्हणजे करार मे १९१६ चा, उठाव सुरू व्हायच्या आधीचा. नोव्हेंबर १९१७ मध्ये रशियाच्या नव्या बोल्शेविक सरकारने तो जगासमोर मांडला. आणि अरबांना दिलेली वचनं पाळली जाणार नाहीत हे आपल्याला ठाऊक होतं, असं लॉरेन्सने स्वतःच कबूल केलं आहे. म्हणजे सिनेमातला लॉरेन्स फसवला गेलेला आहे, खरा लॉरेन्स जाणूनबुजून सामील होता. दुसरा माणूस जास्त अवघड आणि जास्त रंजक आहे.

दुसरा, दमास्कस. पडद्यावर अरबांची सभा भांडणात बुडते, दिवे जातात, टेलिफोन बंद, आणि दोन-चार दिवसांत सगळे उंटांवर बसून घरी. प्रत्यक्षात १ ऑक्टोबर १९१८ ला शहरात आधी शिरले ते ऑस्ट्रेलियन घोडेस्वार, त्यांचा सिनेमात मागमूस नाही. वीज पुन्हा सुरू केली गेली. आणि उठावाचा एक नेता फैसल याचं अरब शासन दमास्कसमध्ये जुलै १९२० पर्यंत टिकलं, ते मोडलं मैसलूनच्या लढाईत फ्रेंच फौजेने. अरबांना दिवे लावता आले नाहीत म्हणून राज्य गेलं, की तोफांनी नेलं, यात फरक आहे. सिनेमाने पहिलं सांगितलं. दृश्यं कितीही देखणी असली तरी हे मला माफ करता येत नाही.

पात्रांबद्दल घाईत : कर्नल ब्रायटन हा अनेक अधिकाऱ्यांचा मिळून एक. ड्रायडनमागे मुख्यतः रोनाल्ड स्टॉर्स हा कैरोतला ब्रिटिश अधिकारी. पत्रकार बेंटली म्हणजे लोवेल थॉमस. विहिरीवर मारला जातो तो वाटाड्या तफस खरा होता, पण त्याला कुणी मारलं नाही. त्या विहिरीवर लॉरेन्सने पाहिलं ते उलटंच : शत्रू टोळीच्या विहिरीवर दोन शरीफ मालक-नोकराचं सोंग घेऊन निमूट पाणी पिऊन गेले. (शेवटी कत्तल होते ते तफस हे गाव, नावांत गल्लत करू नका.) त्या गावापाशी ‘कैदी नकोत’ हा हुकूम आपणच दिला असं लॉरेन्सने लिहिलं आहे. एकटा घोडा फेकत तुर्कांवर जाऊन मरणारा माणूसही खरा, तफसचाच शेख तलाल. देरा गावात तुर्कांनी लॉरेन्सचा छळ केल्याचा एकमेव साक्षीदार लॉरेन्स स्वतः, त्यामुळे त्यावर अभ्यासकांचं एकमत नाही. उंचीचं तर सगळ्यांना माहीत आहे : लॉरेन्स साडेपाच फुटांच्या आत, ओ’टूल सव्वासहा फुटांच्या जवळ.

रीळ_नंबर_सात
बखरवाचक, दमास्कसबद्दल सहमत. पण ‘घाईत’ म्हणून तुम्ही परिच्छेद भरलात!

एक जोडतो. काडी फुंकून विझते आणि थेट वाळवंटातला सूर्योदय येतो, तो जोड संहितेत डिझॉल्व्ह होता, म्हणजे एक चित्र दुसऱ्यात विरघळणार होतं. संकलक अ‍ॅन कोट्स यांच्या टेबलावर विरघळवण्याचं काम व्हायच्या आधी दोन तुकडे नुसते शेजारी लावलेले होते. ते तसेच पाहिले, तसेच ठेवले.

वाळूघड्याळ
भरपूर मिळालं. २१६ ची डिस्क, सिनेमा मोड, झूम नाही, हे ठरलं. मध्यंतर घ्यावं की सलग बघावं?

रीळ_नंबर_सात
घ्या. मध्यंतर अकाबा आणि सुएझनंतर येतं, आणि उत्तरार्धाचा सूरच वेगळा आहे, रेल्वे, बेंटली, देरा, तफस. दहा-पंधरा मिनिटं उठून या, मात्र नंतरचं वादन सुरू व्हायच्या आत खुर्चीत असा. आणि खोलीत अंधार ठेवा. दिवा चालू असेल तर त्या दिवसा टिपलेल्या रात्री पुन्हा धुपतील.

सांडणीस्वार
आणि अकाबाच्या प्रसंगात एकदा फक्त तोफेकडे बघा. सगळी लढाई होऊन जाते, ती तोंड वळवत नाही.